गाडी गार येते

४ डिसेंबर

चिरंजीव छोट्या,

देव तुला आणि तुझ्या माणसांना सुखात ठेवो. गॅरेजात फोन केला तर ठोकाठोकीत तुला काही ऐकू येत नाही, आणि घरी केला तर आई शेजारी कान टवकारून बसलेली असते. म्हणून पत्र. यातलं तिला काही वाचून दाखवू नकोस.

मी अगदी चक्रावून गेले आहे. थंडी पडली की धुतलेले मोजे मी दोरीवर घालत नाही, हे तुला ठाऊक आहे. हे ऑफिसातून आले की बॉनेटवर जुना पंचा अंथरते आणि त्यावर मोजे पसरते. जेवणं उरकेपर्यंत खडखडीत. देवाने दिलेली फुकटची ऊब वाया का घालवायची? पण हल्ली मोजे सकाळीही ओलेच. म्हणून काल हे उतरल्या उतरल्या बॉनेटवर हात ठेवला. गार! फरशीसारखं गार. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेली गाडी, आणि इंजिन जसं काही आत्ता झोपेतून उठलंय. आत डोकावले तर उष्णतेचा काटा तळाशी. हे म्हणाले, "थंडीचे दिवस आहेत, लोखंड गार पडणारच." झालं, विषय संपला.

मोज्यांचं जाऊ दे रे. आईचं काय? डॉक्टर म्हणालेत की तिच्या छातीला आता डोंगरावरची थंडी झेपायची नाही, वर्ष संपायच्या आत खाली न्या. बसमध्ये तिला धाप लागते, बंद पडलेल्या गाड्या आणायच्या तुझ्या ओढगाडीला धड काचा नाहीत. म्हणजे हे तिला आणणार ते याच गाडीतून. इंजिनच तापलं नाही तर हीटर काय बर्फ फुंकणार? घाटातून सबंध उतार त्या छातीला वारा लागला तर? पुढचं लिहवत नाही. काय करू ते कळव.

तुझी ताई

७ डिसेंबर

ताई,

कागदावर काळे डाग दिसतील, ते नमस्कार समज. हात धुवायला उसंत नाही.

घाबरू नकोस, दुखणं साधं दिसतंय. इंजिनात जे हिरवं पाणी फिरतं, कूलंट, त्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट म्हणून एक झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती दार लावून बसते, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं. पुरेसं तापलं की ती दार उघडते आणि पाणी रेडिएटरकडे निवायला जातं. तुमची झडप उघडीच अडकलेली असणार. दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून शेगडी पेटवली तर खोली कशी तापेल? तसं.

भाऊजींना सांगण्यात अर्थ नाही, त्यांना बोल्ट आणि बटण एकच. तू मात्र बाबांना टॉर्च धरत मोठी झालीस, तुला जमेल. इंजिन पूर्ण गार असताना कर. रेडिएटरखाली स्वच्छ परात ठेव, खालची चावी सोडून थोडं पाणी काढून घे. ते विषारी असतं आणि चवीला गोड, तेव्हा मांजराला जवळ फिरकू देऊ नकोस. मग वरचा जाड पाईप जिथे इंजिनाला मिळतो तिथलं झाकण, दोन बोल्ट. आत पितळी चकती आणि स्प्रिंग दिसेल, तोच तो. त्याला दोऱ्याने बांधून पातेल्यात गार पाण्यात लोंबता ठेव, तळाला टेकू देऊ नकोस. गार पाण्यात दार मिटलेलं हवं, पाणी उकळीला येण्याआधी उघडायला हवं, निवल्यावर परत मिटायला हवं. गारच असताना उघडा दिसला तर चोर सापडला.

आणि ताई, तापाचं थर्मामीटर पाण्यात घालू नकोस. तू घालशील, मी ओळखतो तुला.

तुझा
छोट्या

११ डिसेंबर

छोट्या,

थर्मामीटर डबीतून काढलंच होतं, तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. वाचलं बिचारं.

रविवारी हे फिरायला गेले ते पाहून मी पाना घेऊन बसले. एक बोल्ट निमूट सुटला, दुसऱ्याने जीव खाल्ला. बाबा करायचे तसं चार थेंब तेल सोडून, देवाचं नाव घेऊन पुन्हा जोर लावला तेव्हा हलला. चकतीवर ८२ अंश असा आकडा कोरलेला आहे. झाऱ्यावर दोरा बांधून ती पातेल्यात सोडली. आता ऐक. गार पाण्यात दार घट्ट बंद. उजेडाकडे धरलं तर केसाएवढी फट नाही. पाणी तापलं, बुडाशी बुडबुडे धरले, तशी चकती हळूच उचलली गेली, मग चांगली उघडली. गॅस बंद केला, पाणी निवलं, पुन्हा मिटली. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच. तुझा चोर अगदी सज्जन निघाला रे! मी तर बघतच राहिले. जसाच्या तसा परत बसवला.

हे परत आले तेव्हा माझे हात बघून म्हणाले, "इंजिनसाहेबांच्या घराण्याचा वारसा चालवतेस वाटतं." बाबांना यांनी ठेवलेलं हे नाव. हसले, पण चेहरा पडलेला वाटला. हल्ली यांचं लक्षच नसतं. परवा डाव्या कोपराशी ठेवलेला पाण्याचा पेला सांडला, काल पुन्हा तसाच. गाडीचं डावं दारही कुठेतरी घासून आणलंय. विचारलं तर म्हणाले, "मागच्याने घासलं."

एक मात्र बरं, पेट्रोल हल्ली निम्म्याहून कमी लागतं. म्हणतात, हळू चालवतो. देवाचीच कृपा.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, कमी नाही. हे माझ्या डोक्यात बसत नाही. गाडी किती चालली ते आकड्यावरून सांगशील का?

तरीसुद्धा शंका नको, म्हणून नवा थर्मोस्टॅट आणि झाकणाखालचं गास्केट, म्हणजे पाणी गळू न देणारी कागदी चकती, पार्सलने पाठवतोय. पैशाचं नाव काढलंस तर आईला सांगेन. जुनं गास्केट खरवडून काढ, लोखंडावर ओरखडा पडू देऊ नकोस. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. चकतीत बारीक भोक आहे ते वर. पाणी परत भर, झाकण उघडं ठेवून इंजिन अंगणातच चालू ठेव, हीटर पूर्ण गरमवर. बुडबुडे येऊन थांबतील. मग झाकण लाव आणि काटा कुठे जातो ते बघ. भाऊजींनी गाडी बाहेर नेण्याआधी बघ.

छोट्या

१७ डिसेंबर

छोट्या,

किलोमीटरचा आकडा बाबा असतानाच अडकलाय, तो काय सांगणार.

काल पहाटे, हे निघायच्या आधी, तुझा नवा बसवला, अगदी तू लिहिलंस तसा. इंजिन अंगणात चालू ठेवून मी स्टूल टाकून भाजी निवडत बसले. पहिल्यांदा काटा हलेना. मग चढायला लागला. निम्म्यावर आला आणि वरचा पाईप, जो इतका वेळ गार होता, तो एकदम हाताला चटका देण्याइतका तापला. म्हणजे दार उघडलं! हीटरमधून अशी झळ आली की मी शाल काढली. बॉनेट तर तव्यासारखं. मी देवाला हात जोडले आणि मनात म्हटलं, आता आई उबेत येईल. मग हे नेहमीसारखे गाडी घेऊन ऑफिसला गेले.

संध्याकाळी हे आले. मी फाटकातच उभी होते. हात ठेवला.

गार.

मला खरंच वाटेना. दुसरा हात ठेवला. काटा बुडाशी. सकाळी माझ्यापुढे तापलेलं इंजिन यांच्या हातात गार कसं राहतं? उभ्या उभ्या तापतं आणि चालून चालून गार येतं, असं कुठलं यंत्र असतं का? त्या इंजिनाचं यांच्याशी वैर आहे का काय? तू शिकलेला आहेस यातला, मला समजावून सांग.

ताई

१९ डिसेंबर

ताई,

गाडीत काही बिघाड नाही. आता तिला हात लावू नकोस. आईला आणायचं जरा थांबवू या. मी दुसरं काहीतरी बघतो. भाऊजींना यातलं काही बोलू नकोस.

छोट्या

२१ डिसेंबर

छोट्या,

तीन ओळी? मी हातांची सालटी काढून घेतली आणि तू मला तीन ओळी लिहितोस? आईला थांबवायचं म्हणजे काय? तिचा खोकला काल मी फोनवर ऐकला. तुझ्या बायकोला ती माझ्याकडे यायला नको आहे का? माझ्या घरी तिची आबाळ होईल असं वाटतं का तुम्हाला? असेल ते तोंडावर सांग. आपल्यात झाकून ठेवायची रीत कधीपासून आली?

ताई

२३ डिसेंबर

ताई,

तिला मध्ये ओढू नकोस. तिने तुझ्याकडे पाठवायच्या गोधड्या धुऊन ठेवल्यात.

मला लिहायचं नव्हतं. तू लिहायला लावलंस. थर्मोस्टॅट चांगला, पाणी भरलेलं, अंगणात काटा निम्म्यावर. असं इंजिन गार येतं ते एकाच कारणाने. ते चाललेलंच नसतं. जी गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येते ती तापलेली येते. गार येते ती दोन गल्ल्यांवरून येते. म्हणूनच पेट्रोल लागत नाही.

भाऊजी गाडी घेऊन ऑफिसला जात नाहीत, ताई. कुठे जातात ते मला माहीत नाही. मला वाटलं होतं आधी आपण येऊन बघावं.

छोट्या

२६ डिसेंबर

छोट्या,

तुझं पत्र वाचलं. आधी तुझाच राग आला. तीस वर्षांच्या संसारावर तू बॉनेटवरून शंका घेतोस! पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी हे निघाल्यावर मी चपला घालून मागे निघाले.

लांब जावंच लागलं नाही. दुसऱ्या वळणावर ते बंद पडलेलं थिएटर आहे, त्याच्या मागे गाडी उभी केली, कुलूप लावलं, आणि भिंतीच्या कडेकडेने चालत हमरस्त्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. क्षणभर परत फिरावंसं वाटलं. तरी गेले. यांच्या डाव्या अंगाला, हात लांब केला तर बाहीला लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता दचकतील, सारवासारव करतील, काहीतरी थाप मारतील. मी ऐकायला तयार होते.

यांनी मान वळवली नाही. माझ्याकडे बघितलंच नाही रे! समोर बघत राहिले, परकी बाई उभी असावी तसे. मला "अहो" म्हणायचं होतं, तेवढ्यात बस आली, दांडा चाचपून हे चढले आणि गेले. मी तिथेच. एका आजोबांनी विचारलं, "बाई, चक्कर येतेय का?"

कुठे जातात, कुणाकडे जातात, देव जाणे. संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "गाडी कशी चालली आज?" म्हणाले, "छान. पुलावर गर्दी होती." डोळ्याचं पातं लवलं नाही.

मी कुणाला काय सांगू? तू यांना काही लिहू नकोस. माझी शपथ आहे.

ताई

२८ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही वडीलधारे, म्हणून आजवर तोंड वर करून बोललो नाही. आज बोलतो. गाडी कुठे उभी राहते ते मला कळलंय. बायको शेजारी येऊन उभी राहिली तर तिला ओळख न देणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला. बसने कुठे जाता ते विचारत नाही, त्याची मला शिसारी येते.

ताईने मला शपथ घातली आहे, ती मोडून लिहितोय. आईला न्यायचं तुम्ही कबूल केलंय. तर शनिवारी स्वतः गाडी चालवत घाट चढून या, आणि माझ्या डोळ्यांत बघून बोला. हिंमत नसेल तर तसं कळवा. मग मी खाली येऊन ताईलाच इकडे घेऊन येतो.

छोट्या

३० डिसेंबर, शनिवार

छोट्या,

तू यांना काय लिहिलंस? काल तुझ्या अक्षरातलं एक पत्र आलं, यांनी खिडकीशी उभं राहून डोळ्यांपाशी धरून वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि म्हणाले, "उद्या आईंना आणायला जातो." मी म्हटलं, "मीही येते." म्हणाले, "नको. तू गाडीत नको." इतकं तुटक मला कधी बोलले नव्हते.

उजाडताच निघाले. फाटकातून काढताना डाव्या खांबाला घासलीच. उतरून पाहिलंसुद्धा नाही. जाताना मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला कुठेतरी.

देवापुढे बसले आहे. काय मागावं तेच सुचत नाही.

ताई

१ जानेवारी

ताई,

फोनवर इतकंच सांगू शकलो की भाऊजी सुखरूप आहेत. आई समोर होती, तिला तोवर काही सांगितलं नव्हतं. आता लिहितो. बसून वाच.

शनिवारी दुपारी खडीचा ट्रक गॅरेजापुढे थांबला. त्यातून रस्त्याच्या कामावरचा एक माणूस उतरला, हातात लाल निशाण. त्याने माझ्या टेबलावर तुमच्या गाडीची चावी ठेवली. म्हणाला, "तुमचे मेहुणे घाटाच्या पायथ्याशी बसलेत. ही चावी मला देऊन म्हणाले, काहीही झालं तरी माझ्या हातात परत देऊ नकोस."

मला काही कळेना. तो बाही वर करून दाखवायला लागला. दंड सोललेला. पायथ्याच्या पहिल्या वळणावर तो डाव्या कडेला निशाण हलवत उभा होता. गाडी थांबली नाही, वेगही कमी केला नाही. आरसा त्याच्या दंडाला घासून गेला. हातभर इकडे असता तर चाकाखाली होता. त्याने ओरडून मागून दगड मारला तेव्हा गाडी थांबली. शिव्या घालायला धावला, तर भाऊजी दार उघडून खाली उतरलेले आणि विचारताहेत, "तुम्ही कुठे होतात? कुठे होतात तुम्ही?"

ताई, भाऊजींना बाजूचं दिसत नाही. दीड वर्ष झालं. आधी डावीकडचं गेलं, मग उजवीकडचं जायला लागलं. आता नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसतं. कागद दिसतो, बसचा नंबर दिसतो, त्या बसने ते रोज ऑफिसलाच जात होते. थांब्यावर तू शेजारी उभी होतीस ती त्यांना दिसलीच नव्हतीस. माझ्या पत्रातून त्यांना पहिल्यांदा कळलं की तू तिथे होतीस.

मी ओढगाडी घेऊन खाली गेलो. ते दगडावर बसलेले. मी जे ओरडलो ते सगळं लिहीत नाही. म्हटलं, "दिसत नाही तर आलात कशाला?"

म्हणाले, "तू बोलावलंस."

"ताईला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? तुझ्या बाबांनी मला एकच प्रश्न विचारला होता, गाडी चालवता येते का. येत नव्हती. महिनाभर एकाची गाडी मागून घेऊन शिकलो, मग हिला मागणी घातली. दोन गल्ल्या पाठ आहेत मला, तेवढ्या चालवत होतो. फाटकातून गाडी निघाली की हिला बरं वाटतं."

त्यांना त्या घाटावर मीच पाठवलं होतं. अजून थोडं पुढे दरी डाव्या हाताला आहे.

घरी आणलं. आईला सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने सगळं ऐकलं, खोकल्याची उबळ जिरवली आणि म्हणाली, "जावयाची पत्रिका बघितली, डोळे तेवढे बघायचे राहिले." मग त्यांचा हात धरून शेजारी बसवून घेतलं आणि किती वेळ सोडला नाही.

हे पत्र तुझ्या हाती पडू दे, मग गुरुवारी मी तुमचीच गाडी चालवत दोघांना घेऊन निघतो. तू काय बोलायचं ते बोल, पण दारात नको. आईला आधी आत घेऊ.

छोट्या

२३ जानेवारी

चिरंजीव छोट्या,

तू परत पोचल्याचं पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. आईची छाती मोकळी आहे, इथे आल्यापासून रात्री झोपते. आता माझ्या स्वयंपाकात चुका काढते, म्हणजे बरी आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राहावं म्हणून थेंब दिलेत, ते जन्मभर. मी थेंब घालते तेव्हा यांचा चेहरा माझ्या दोन्ही हातांत असतो, आणि मला रडू येतं की संताप येतो ते मलाच कळत नाही. तू यांची बाजू घेऊन लिहिलंस ते ठीक. पण त्या दोन गल्ल्यांत शाळा आहे रे. रोज सकाळी डावीकडून पोरं येतात. हे आठवलं की भर दुपारी अंगावर काटा येतो. मी यांना तेच म्हटलं. यांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मलाही रोज येत होता." म्हणजे येत होता, आणि तरी काढत होते! देव यांना क्षमा करील, मला वेळ लागेल.

गाडी विकायची का, यावर आठवडाभर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, "टॉर्च धरणारीने आता चाक धरायला काय हरकत आहे?" तर मी शिकते आहे. हसू नकोस. शिकवणाऱ्या बाईंबरोबर रोज जाते, पुढेमागे शिकाऊची पाटी लावलेली असते. गिअर टाकताना गाडी अशी उडी मारते की बाई आधीच दांडा धरून बसतात.

काल पहिल्यांदा आपली गाडी मी फाटकाबाहेर काढली. बाई माझ्या शेजारी, हे मागे. डावा खांब अलगद चुकवला. वळणावर आले, थिएटर दिसलं, मी गाडी हळू केली. डावीकडून एक मुलगी सायकलवरून आली आणि आमच्या पुढून निघून गेली. मी ब्रेक लावला होता. आरशात पाहिलं तर हे सरळ समोर बघत बसलेले.

"का थांबलीस?" यांनी विचारलं.

"सायकल होती."

मी पुन्हा गिअर टाकला. मग हे म्हणाले, "मला दिसली नाही."

तुझी
ताई